करिंथची अडलेली वर्गणी

इ.स. ५५-५६च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत एक काम वर्षभर रखडलं होतं. यरुशलेममधल्या गरीब पवित्र जनांसाठी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांसाठी, वर्गणी जमवायची होती. करिंथकरांनी हौसेनं हो म्हटलं, प्रेषित पौलानं त्यांचा हा उत्साह उत्तरेकडच्या मासेदोनिया प्रांतभर सांगितला, आणि पैसे काही जमले नाहीत. टंचाई होती म्हणावं, तर करिंथ हे भर व्यापाराचं शहर. उलट ज्यांनी हात सैल सोडला ती फिलिप्पै-थेस्सलनीकेकडची मासेदोनियाची माणसं. त्यांचं दारिद्र्य पौलानं स्वतःच नोंदवलं आहे.

दानावरच्या प्रवचनांत हे प्रकरण हमखास येतं, पण बहुधा २ करिंथचे (म्हणजे पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे) आठवा आणि नववा हे दोन अध्याय तेवढे उचलून. मागचं-पुढचं सुटतं आणि हातात उरतं ते एक गोड आवाहन. माझ्या मते ही वर्गणी अडली तिचं मूळ पौलाच्या राहुट्या शिवण्याच्या कामात आहे. तो पोट कसं भरत होता आणि कोणाच्या हातून घेत नव्हता, ते पाहिल्याशिवाय करिंथकरांचा आखडलेला हात समजत नाही.

देणं म्हणजे काय, हे करिंथला आधीच ठाऊक होतं

रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये जुनं करिंथ जमीनदोस्त केलं आणि इ.स.पू. ४४ मध्ये जुलियस सीझरनं ते नव्यानं वसवलं. वसायला आले त्यांत गुलामीतून सुटलेले पुष्कळ होते. पूर्वेला कंख्रिया, पश्चिमेला लेखायन अशी दोन्ही अंगांना बंदरं, मध्ये चिंचोळी भूमी. माल या समुद्रातून त्या समुद्रात जायचा तो इथूनच. घराण्याचं नाव नाही, पण कमाई आहे, अशा माणसांचं हे शहर. अशा ठिकाणी कमावलेल्या पैशाचा मान करून घ्यायचा राजमार्ग एकच: गावासाठी काहीतरी बांधा आणि त्यावर नाव कोरा.

याचा एक पुरावा आजही दगडात आहे. करिंथच्या नाट्यगृहाजवळच्या फरसबंदीवर १९२९ मध्ये एक लेख सापडला: इरास्त नावाच्या माणसानं नगराचं अधिकारपद मिळाल्याबद्दल ही फरसबंदी स्वखर्चानं करून दिली. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या शेवटी नगराचा खजिनदार म्हणून ज्या इरास्ताचा सलाम पोचवला आहे तो हाच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपल्या कामाला तो लेखच पुरे. पद मिळालं म्हणून दिलं, आणि दिलं म्हणून नाव लागलं.

घरोघरीही तोच कारभार. श्रीमंत माणूस आश्रितांना जेवू घालायचा, अडचणीत पैसे द्यायचा. आश्रित त्याच्या मागेपुढे राहायचे, चारचौघांत त्याची थोरवी सांगायचे. घेणारा जन्माचा मिंधा. बाप्तिस्मा झाल्यानं ही सवय सुटली नव्हती, हे १ करिंथच्या अकराव्या अध्यायावरून कळतं. प्रभुभोजनाला एकत्र जमायचं आणि तिथेही एक उपाशी, एक झिंगलेला.

राहुट्यांचं काम

पौल साधारण इ.स. ५०-५१ मध्ये करिंथला आला. गल्लियो तिथे प्रांताधिकारी असताना पौलाला त्याच्यापुढे उभं केलं गेलं, आणि डेल्फीच्या शिलालेखामुळे गल्लियोचा काळ ५१-५२ असा धरता येतो; पौलाच्या आयुष्यातली इतकी पक्की तारीख दुसरी क्वचितच सापडेल. क्लौद्य कैसरानं यहुद्यांना रोममधून घालवलं म्हणून अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपंही नुकतंच इथे आलं होतं. धंदा एकच, राहुट्या करण्याचा. म्हणून तो त्यांच्याकडेच राहिला आणि कामाला लागला. मुक्काम पडला दीड वर्षाचा.

राहुट्या कातड्याच्या की जाड कापडाच्या, हा वाद आपण बाजूला ठेवू. काम बैठं होतं आणि हातांचं होतं. पान कापायचं, कडा दुमडायची, पाणी आत येणार नाही अशी शिवण घालायची. पाठ वाकलेली, बोटांना घट्टे. थेस्सलनीकेकरांना तो आठवण देतो की कोणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम करून सुवार्ता सांगितली. मिलेत बंदरात इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा, म्हणजे पुढाऱ्यांचा, निरोप घेतानाही तो म्हणतो, माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा याच हातांनी भागवल्या.

आपल्याला यात कौतुक वाटतं. त्या काळच्या प्रतिष्ठितांना लाज वाटायची. कारागिराच्या दुकानात स्वतंत्र माणसाला शोभेल असं काही असूच शकत नाही, असं रोमन वक्ता किकेरो यानं शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. शिकवणाऱ्यापुढे तेव्हा चार वाटा असत: शिष्यांकडून शुल्क घ्यावं, एखाद्या बड्या घरी पदरी राहावं, भिक्षा मागावी, नाहीतर हातानं काम करावं. पौलानं शेवटची, सगळ्यांत हलकी समजली जाणारी वाट धरली. करिंथमधल्या खाऊनपिऊन सुखी माणसाला आपला गुरू दुकानात बसून शिवण घालतो हे सांगायला जड जात असणार. त्यानं पदरी राहावं, मग त्याचंही भलं आणि आपलंही नाव, हा हिशेब सरळ होता.

पौलानं ते घेतलं नाही, आणि पेच तिथेच पडला. कारण कोणाचंच घ्यायचं नाही असा त्याचा नेम नव्हता. फिलिप्पैकरांनी थेस्सलनीकेत त्याला एकदा नव्हे, दोनदा पाठवलं. ते त्यानं घेतलं, आणि देण्याघेण्यात तुमच्याशिवाय कोणी भागीदार झालं नाही असं आवर्जून लिहिलंही. तो करिंथमध्ये असतानाही मासेदोनियातून आलेल्या भावांनी त्याची गरज भागवली. म्हणजे करिंथकरांच्या डोळ्यांदेखत तो दुसऱ्यांचं घेत होता आणि त्यांचं नाकारत होता.

१ करिंथच्या नवव्या अध्यायात तो आधी आपला हक्क सिद्ध करतो. शिपाई पदरमोड करून लढत नाही, द्राक्षमळा लावणारा त्याचं फळ खातो, मळणीच्या बैलाला मुसकं बांधत नाहीत, मंदिरात सेवा करणारे मंदिरातलंच खातात. इतकं सगळं मांडून झाल्यावर म्हणतो, हा हक्क मी वापरला नाही. सुवार्ता फुकट सांगणं हेच माझं वेतन. त्यानं न लिहिलेलं आणखी एक कारण होतं, असा माझा तर्क आहे. मंडळीत आधीच मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा) असे गट पडले होते. अशा ठिकाणी एखाद्या घराचं मीठ खाल्लं की तो त्या घराचा प्रेषित झाला असता.

वर्गणी आणि संशय

यरुशलेमच्या गरिबांची आठवण ठेवा, ही गोष्ट तिथल्या पुढाऱ्यांनी पौलाला सांगितलेली होती. गलतीकरांस पत्रात तो म्हणतो की मी ते करायला उत्सुकच होतो. क्लौद्याच्या काळच्या दुष्काळात अंत्युखियाच्या मंडळीनं त्याच्या आणि बर्णबाच्या हाती मदत पाठवल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. आता गलतीया, मासेदोनिया आणि अखया (करिंथचा प्रांत) इथल्या मंडळ्यांकडून मोठी वर्गणी न्यायची होती.

करिंथकरांना त्यानं दिलेली सूचना चारच ओळींची आहे (१ करिंथ १६:१-४), पण तिच्यात कामकरी माणसाची जाण आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या मिळकतीच्या मानानं काही बाजूला काढून आपल्याजवळ साठवावं, मी आल्यावर धावाधाव नको. रोजावर जगणाऱ्याकडे किंवा गुलामाकडे एकरकमी काय असणार? आठवड्याला थोडं मात्र निघू शकतं. शिवाय ‘प्रत्येकानं’ म्हटलं की एका इरास्तानं सगळं भरून दगडावर नाव कोरण्याची सोयच उरत नाही. पैसे नेणारी माणसंही तुम्हीच निवडा, मी ओळखपत्रं देतो, असं तो म्हणतो.

यानंतर संबंध बिघडले. पौलाची एक भेट दुःखात संपली, मग अश्रू ढाळत लिहिलेलं पत्र गेलं. मधल्या काळात करिंथमध्ये दुसरे प्रचारक आले. त्यांचं राहणं-बोलणं भारदस्त होतं, ते पैसे घेत होते, आणि करिंथकरांना तेच बरं वाटत होतं. पौलाविरुद्ध तेव्हा जे बोललं गेलं ते त्याच्या उत्तरांवरून ओळखता येतं. एक: हा आपलं घेत नाही, म्हणजे याचं आपल्यावर प्रेम नाही. (तो विचारतो: मी तुमच्यावर प्रीती करत नाही म्हणून का? देव जाणतो.) दोन: हा वरवर घेत नाही, पण मोठा धूर्त आहे, आपला सहकारी तीत याला पाठवून, वर्गणीच्या नावाखाली, मागच्या दारानं घेतो.

दोन्ही आरोप एकमेकांना छेद देणारे, आणि तरी एकाच तोंडून निघणारे. कोणत्याही संस्थेचा निधी सांभाळलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पगार घेणाऱ्यावर लोक कुरकुरतात. न घेणाऱ्याकडे मात्र निरखून पाहतात, की मग हा जगतो कशावर? पौलाचा निःस्वार्थीपणाच इथे संशयाचं कारण ठरला. वर्गणीची थैली वर्षभर रिकामी राहिली ती यामुळे, असं मला वाटतं. ज्यानं आपलं देणं नाकारून आपला मान घालवला, त्याच्याच सांगण्यावरून आपण भलत्यांना का द्यायचं?

पौलाचं उत्तर

२ करिंथ हे पत्र मासेदोनियातून लिहिलेलं आहे. त्यात वर्गणीविषयी तो एकही हुकूम सोडत नाही. मी आज्ञा म्हणून सांगत नाही, असं स्पष्ट म्हणतो. मासेदोनियाकरांची हकिकत आधी सांगतो. संकटात, कंगाल अवस्थेत असताना त्यांनी शक्तीप्रमाणे, किंबहुना शक्तीबाहेर दिलं, आणि या सेवेत आम्हालाही वाटा द्या म्हणून गळ घातली. त्यांनी प्रथम स्वतःला प्रभूला दिलं, मग आम्हाला. पैसे त्यानंतरचे.

या क्रमाकडे वाचकाचं पटकन लक्ष जात नाही. स्वतःला न देता नुसते पैसे देता येतात. करिंथचे दानशूर तेच करत होते. फरसबंदी करून देणारा वरच राहतो. स्वतःला देऊन टाकलेल्या माणसाला वर राहायला जागाच उरत नाही. याचा आधार पौल एकाच वाक्यात देतो: ख्रिस्त धनवान असताना तुमच्यासाठी दरिद्री झाला. एवढं म्हणून तो लगेच हिशेबाकडे वळतो.

तो हिशेब सांभाळून केलेला आहे. जवळ असेल त्या मानानं द्या, नसेल त्या मानानं नव्हे. दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओढाताण असं नको. आज तुमच्या भरपूरीनं त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्या भरपूरीनं तुमची. दाखला मान्न्याचा, म्हणजे रानात इस्राएलांना देवानं पुरवलेल्या अन्नाचा: ज्यानं फार गोळा केलं त्याचं जास्त झालं नाही, ज्यानं थोडं गोळा केलं त्याला कमी पडलं नाही. शक्तीबाहेर देणाऱ्यांचं त्यानं कौतुक केलं आहे, पण तशी मागणी त्यानं कोणाकडेही केलेली नाही. व्यासपीठावरून हा फरक फार सहज पुसला जातो. मासेदोनियाकरांचं उदाहरण देऊन दमडी-दमडी मोजणाऱ्या घराकडून शक्तीबाहेरचं मागायचं, हे या पत्रात बसत नाही.

नववा अध्याय मात्र मला थोडा खटकतो. मासेदोनियाकर माझ्याबरोबर आले आणि तुमची तयारी नाही असं त्यांना दिसलं, तर आमची, तुमची म्हणत नाही, फजिती होईल. हा दबावच आहे, आणि चांगला मुरलेला. पुढच्याच दमात तो लिहितो की दुःखी मनानं किंवा भाग पडलं म्हणून देऊ नका, ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो.’ दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत. कोणी त्यांचा मेळ घालून दाखवला तरी मला तो ओढूनताणून वाटतो. मुदत डोक्यावर आली आहे, शब्द जाऊन बसला आहे, अशा माणसाचं ते लिहिणं आहे.

पैशाच्या व्यवस्थेत मात्र कुठे फट नाही. तीताबरोबर दोन भाऊ जातात. त्यांतल्या एकाला मंडळ्यांनी निवडून दिलेलं आहे; दुसऱ्याची पारख पौलाच्या लोकांनी अनेकदा केलेली आहे. कारण उघड सांगितलं आहे: या मोठ्या रकमेच्या कामात आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये, प्रभूच्या दृष्टीनं जे चांगलं तेच माणसांच्याही दृष्टीनं चांगलं असावं. देवाला ठाऊक आहे, हिशेब कशाला, असं म्हणायला पौलाइतका हक्क कोणाला असता? तो ते म्हणत नाही. थैलीला एकटा हातही लावत नाही.

आणि स्वतःसाठी? तिसऱ्यांदा येईन तेव्हाही तुमच्यावर भार टाकणार नाही, असंच तो लिहितो. मुलांनी आईबापांसाठी साठवायचं नसतं, आईबापांनी मुलांसाठी साठवायचं असतं. मी तुमच्या जिवांसाठी आनंदानं खर्च करीन आणि स्वतःही खर्ची पडेन. करिंथच्या रीतीप्रमाणे याचा अर्थ असा झाला की राहुट्या शिवणारा हा माणूस दात्याच्या जागी बसला आणि धनिक घेणाऱ्यांच्या. त्यामुळे काहींच्या रागात भरच पडली असेल.

पण वर्गणीमुळे त्यांनाही देण्याची जागा मिळत होती, फक्त तिला कोनशिला नव्हती. ज्यांना मिळणार ते दूर, अनोळखी, आणि उपकार मानणार ते देवाचे. पुढे रोमकरांस पत्रात तर तो देणंच उलटं करून टाकतो: यरुशलेमच्या आध्यात्मिक ठेव्यात परराष्ट्रीयांना वाटा मिळाला, म्हणून ऐहिक गोष्टींत त्यांची सेवा करणं हे परराष्ट्रीयांचं ऋण आहे. देणाराच ऋणी ठरला, तर घेणाऱ्याला मिंधं कोण म्हणणार?

पुढे काय झालं

रोमकरांस पत्र पौलानं करिंथमध्ये, गायसाच्या घरी पाहुणा असताना, इ.स. ५७च्या आसपास लिहिलं. त्यात मासेदोनिया आणि अखया यांनी वर्गणी देण्याचं ठरवलं असं समाधानानं नमूद आहे. म्हणजे पैसे जमले. रक्कम कुठेच दिलेली नाही. प्रेषितांची कृत्ये २०:४ मध्ये त्याच्याबरोबर निघालेल्यांची नावं आहेत: बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकेचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आसियाचे तुखिक आणि त्रफिम. करिंथचं नाव त्यात नाही. त्यावर इमारत उभी करू नये, पण यादी वाचताना ते डोळ्यांत भरतं.

आपली ही सेवा यरुशलेममधल्या पवित्र जनांना मान्य व्हावी म्हणून प्रार्थना करा, असं त्यानं रोमकरांना लिहिलं होतं. मान्य झाली का, यावर प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक गप्प आहे. भावांनी आनंदानं स्वागत केलं, नवस केलेल्या चौघांचा खर्च पौलानं करावा असं वडिलांनी सुचवलं, आणि काही दिवसांत मंदिरात दंगा होऊन पौल पकडला गेला. माझ्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो, एवढं एकच वाक्य तो पुढे रोमी सुभेदार फेलिक्सासमोर बोलतो. फेलिक्सानं ते नीट ऐकलं असावं. पौलाकडून आपल्याला काही मिळेल या आशेनं तो त्याला वारंवार बोलावून घ्यायचा. मिळालं काहीच नाही. दोन वर्षांनी बदली झाली तेव्हा त्यानं पौलाला तसंच बंदीत ठेवलं.

या प्रकरणाचा एक गैरवापर नेहमी होतो: पौल बघा, पगार घेत नव्हता, तुम्हाला कशाला? हे पाळकांना ऐकवणाऱ्यांनी १ करिंथचा नववा अध्याय पुरा वाचावा. हक्क सोडणं हा हक्क असणाऱ्याचा निर्णय असतो. दुसऱ्याच्या हक्कावर पाणी सोडायला कोणी सांगितलेलं नाही. कामाची आणि देण्याची खरी सांगड इफिसकरांस पत्रात (४:२८) आहे आणि ती एका अनपेक्षित माणसाला उद्देशून आहे. चोरी करणाऱ्यानं पुन्हा चोरी करू नये, हातांनी कष्ट करावे, कशासाठी, तर गरजवंताला द्यायला आपल्याजवळ काही असावं म्हणून. इथे कमाईचा हेतूच बदलला आहे.

करिंथच्या मंडळीची गाठ पुन्हा पडते ती साधारण इ.स. ९६ मध्ये, रोमच्या मंडळीनं पाठवलेल्या आणि क्लेमेंटच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पत्रात. तुम्ही सारे पूर्वी नम्र होता, घेण्यापेक्षा देण्यात आनंद मानत होता, असं त्यात सुरुवातीलाच म्हटलं आहे. कान उपटण्याआधी पाठ थोपटावी तशी ही प्रस्तावना असल्यामुळे ती थोडी कमी करूनच घ्यावी. कारण पत्र पाठवायचं निमित्त म्हणजे करिंथकरांनी आपल्या वडिलांना पदावरून काढलं होतं आणि भांडण विकोपाला गेलं होतं. याच पत्रात पुढे असाही उल्लेख येतो की आमच्यातल्या कित्येकांनी स्वतःला गुलाम म्हणून विकलं आणि त्या किमतीत दुसऱ्यांना जेवू घातलं. करिंथकरांकडे मात्र या वेळी रोमनं पैसे मागितलेले नाहीत. तुमच्यात जो थोर मनाचा असेल त्यानं एवढंच म्हणावं: हे तंटे माझ्यामुळे असतील, तर मी निघून जातो, तुम्ही म्हणाल तिकडे.